धुळाप्पांची डबल केबिन

धुळाप्पांना मी तीन महिने शिव्या घातल्या. तोंडावर नाही, मनातल्या मनात. तोंडावर आपलं "या मामा, बसा मामा" चालूच होतं. सोलापुरात होटगी रोडच्या शोरूममध्ये पिकअप विकायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. भल्याभल्या बागायतदारांना मी सकाळी गाडी दाखवून दुपारच्या चहाला फॉर्मवर सही करायला लावली आहे. पण हा एक माणूस असा भेटला की रविवारी घरी अंघोळ करतानासुद्धा मला गाडीच्या मागच्या हौद्याची लांबी आठवायची.

आधी माणूस सांगतो. सांगोला तालुक्यातले धनगर, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, अंगाने काटक. धनगर म्हटल्यावर खांद्यावर घोंगडंच असणार अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा. यांच्या खांद्यावर अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला निळा टॉवेल असतो. घरची एकशे ऐंशी मेंढरं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घेऊन पश्चिमेला निघायचं, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे रानाला लेंडीखत आणि यांना धान्य, आणि मिरगाच्या तोंडाला परत यायचं. वर्षातले सात महिने चालणारा हा माणूस. त्याला खुर्ची कशी सोसणार? मी बसा म्हणायचो आणि ते गाड्यांभोवती फेऱ्या मारत सुटायचे. मी फाईल घेऊन त्यांच्या मागे. आमच्या अकाउंटच्या श्रीदेवी मॅडम काचेतून विचारायच्या, "गुरुशांत, आज किती किलोमीटर झाले?"

पहिल्यांदा आले ते श्रावणात, मुलगा अजिनाथला घेऊन. अजिनाथ सव्वीस वर्षांचा, नुकतंच लायसन काढलेला. बिऱ्हाड वाहायला दोन घोडी होती, ती म्हातारी झाली म्हणून विकली होती. आता घोड्यांच्या जागी गाडी.

"चारी चाकं वडणारी पायजे," धुळाप्पा म्हणाले. "रानात पाणी दिल्यालं असतंय. काळी माती. रुतली की दोन दिस गेलं."

फोर बाय फोर पाच मिनिटांत ठरली. मी खूश. म्हटलं, पार्टी पक्की आहे, काय हवं ते कळतंय. माझा तो आनंद तासभरच टिकला.

कारण मग त्यांनी प्रत्येक मॉडेलचा हॉर्न ऐकायला मागितला. डोळे मिटून. मेंढरं कुठल्या आवाजाला बिचकतील आणि कुठल्या आवाजाला नुसती बाजूला होतील, हे म्हणे त्यांना कळतं. टॉप मॉडेल आवडलं, पण गाडी मागे घेताना ती टुंग टुंग वाजते, ते बंद करून द्या म्हणाले. कोकरं घाबरून एकमेकांवर चढतात. एसी नको, अजिनाथला झोप लागेल. पुढच्या खेपेला एसी पाहिजे, आजारी कोकरू उन्हात जवळ घेता येईल. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा नको. मागचा फाळका किती उघडतो, हे त्यांनी टॉवेलाला गाठी मारून मोजलं. तोच टॉवेल आठ दिवसांनी परत आणला, गाठी तशाच, आणि पुन्हा मोजलं. जणू मधल्या आठवड्यात मी गाडी आखडून ठेवली असती.

पण हे सगळं वरवरचं होतं. खरी गाठ केबिनला पडली होती, आणि ती मला चौथ्या-पाचव्या खेपेला कळली.

सिंगल केबिन म्हणजे पुढे दोघं आणि मागे आठ फुटी हौदा. डबल केबिन म्हणजे पुढच्या सीटांमागे आणखी एक सीट, पण मग हौदा राहतो साडेचार फुटांचा. धुळाप्पांची बायको कस्तुराबाई. तिचा उजवा गुडघा गेला होता. मागच्या वर्षी काठी टेकत टेकत तिने वाट पुरी केली, शेवटचे पंधरा दिवस तर दातावर दात धरून. यंदा चालणं शक्य नव्हतं.

"तिला घरी ठेवा की मामा," मी सहज म्हणालो.

ते फेरी मारता मारता थांबले. "ती न्हाय आली तर तळ हलत न्हाय सायेब," म्हणाले. "आमी रानारानानं मेंढरामागं. बिऱ्हाड घेऊन सडकंनं जायाचं, तळ टाकायचा, सात माणसांच्या भाकरी, कोकरांचं दूध, कुणाच्या रानात बसायचं त्ये बोलणं, समदं तीच बगती. ती येत नसंल तर दिवाळीच्या आत मेंढरं इकायची. माज्या बानं कदी इकली न्हाईत."

म्हणजे प्रश्न असा होता. कस्तुराबाई बसून येऊ शकली तर कळप राहणार, नाहीतर कळप मोडणार. तिला बसवायचं तर मागची सीट हवी. मागची सीट घेतली तर हौदा तोकडा, आणि वाटेत चालू न शकणारी नवी कोकरं त्याच हौद्यातून न्यायची असतात.

किती कोकरं मावतील, हे त्यांना माझ्या कॅटलॉगवरून पटेना. तेव्हा एका गुरुवारी डेमोची गाडी घेऊन मी स्वतः सांगोल्याकडे गेलो. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. जाऊन बघतो तर यांनी अंगणात पांढऱ्या फक्कीने दोन चौकोन आखलेले. एक आठ फुटी, एक साडेचार फुटी, अगदी माझ्या कागदावरून इंचाइंचाने उतरवलेले. भोवती रात्री मेंढरं कोंडायची जाळी लावलेली. त्यात बापलेक कोकरं सोडत होते आणि मोजत होते. मोठ्या चौकोनात एक्केचाळीस, छोट्यात तेवीस. मी हसलो खरा, पण मनात म्हटलं, आमच्या कंपनीच्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं.

"अठरा कोकरं भायेर ऱ्हात्यात," धुळाप्पा म्हणाले.

कस्तुराबाई दारात पाय लांब करून ज्वारी निवडत बसली होती. मला चहा दिला, तोही अजिनाथच्या हातून पाठवला. आम्ही तिघे पुरुष उन्हात कोकरं मोजत होतो आणि ती बघत होती. मला आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा मी तिला "मामी, चहा झकास झाला," एवढंच म्हणून निघालो.

मग महिनाभर फोन. सकाळी सहाला, "सायेब, शिंगल करा." सकाळी दहाला, "डबल करा, शिंगल म्हनालो व्हय मी?" दुपारी अजिनाथ, "आबा इचारत्यात, डबलला हौदा वाडवून मिळतो का?" मी तीन फॉर्म भरले, तीन फाडले. मॅनेजर माझ्यावर डाफरला, मी घरी येऊन बायकोवर डाफरलो, तिने मला कानडीत जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. एकदा वैतागून मी फोनवर बोलून गेलो, "मामा, एकदाचं ठरवा, अठरा कोकरं का मामी?" बोललो आणि जीभ चावली.

"डबल," ते म्हणाले. "कोकरं इकतो."

मी चौथा फॉर्म भरायला घेतला.

बुकिंगला आले त्या दिवशी कस्तुराबाई बरोबर होती. सोलापुरात हाडांच्या डॉक्टरकडे तिचा गुडघा दाखवायला आणला होता, तिथूनच तिघं आली. हातात एक्स-रे फोटोचं मोठं पाकीट. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर ती जपून पाय टाकत होती. मी डबल केबिनची गाडी मध्ये आणून ठेवली होती, फॉर्म भरून तयार होता, फक्त सही राहिली होती. मी देवाचं नाव घेतलं.

"बस बगू," धुळाप्पांनी मागचं दार उघडलं. "तुज्यासाटी घेतलीया."

तिने डावा पाय वर ठेवला, हाताने धरून अंग उचललं, आणि अडकली. दाराची फट अरुंद, समोर पुढच्या सीटची पाठ. उजवा गुडघा दुमडल्याशिवाय आत शिरत नव्हता आणि तो दुमडत नव्हता. मी पुढची सीट पार पुढे सरकवली. पुन्हा चढली, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिने अंग तिरकं करून बघितलं. कपाळावर घाम आला.

"डाक्टरनं आत्ताच सांगितलंय, ह्यो पाय सरळच ठेवायचा," ती म्हणाली आणि खाली उतरली.

धुळाप्पांचा चेहरा उतरला. पुन्हा फेऱ्या सुरू. गाडीच्या या बाजूने त्या बाजूला. दुसरी दाखवा म्हणाले. मी सांगितलं, मामा, फोर बाय फोरमध्ये मागची सीट असलेली आमच्याकडे हीच एक गाडी. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मग हिला ठेवू कुटं मी?"

मला विचारत होते. मी उगाच कॅटलॉगची पानं उलटायला लागलो.

कस्तुराबाईने ते ऐकलं. फरशीवर पाय जपत गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारचं. आधी पाठ टेकवली, मग डावा पाय आत, मग दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत घेतला आणि सरळ लांब केला. दार रुंद, समोर ऐसपैस जागा. काही अडलं नाही.

"हितं कोण बसणार हाय?" तिने विचारलं.

अजिनाथ बापाकडे बघायला लागला. बाप माझ्याकडे.

"तिथं मालक," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. पहिल्याच दिवशी मी कागदावर चौकोन काढून दिले होते: ड्रायव्हर, मालक, मागे बाईमाणसं. एकोणीस वर्षं मी तसेच चौकोन काढतो.

"मालक रानानं मेंढरामागं चालतंय की," ती म्हणाली. "सात म्हैनं. तवा हितं कोण असतंय?"

कुणीच नसतं. अजिनाथ एकटा गाडी चालवणार होता आणि शेजारची सीट सात महिने रिकामी जाणार होती. तीन महिने आम्ही हौदा मोजला, फाळका मोजला, कोकरं मोजली, हॉर्न वाजवले. ही सीट कॅटलॉगच्या पहिल्या पानावर होती.

"गावात शिरताना मालकानं फुडं बसाया पायजे…" धुळाप्पा पुटपुटले.

"गावात शिरताना तुमी रानात असता." तिचा आवाज चढला नव्हता, पण शोरूममधलं टाइपिंग थांबलं होतं. "घोडी हुती तवा वज्जं घोडीवर आन् मी खाली. आता गाडी आली तर मला वज्ज्यासंगं मागं. दोनशे मेंढरांत कंची लंगडती ते तुमी लांबनं वळकता. मला तुमी वज्ज्यात धरलं. माणसात कवा धरणार?"

मी फायलीत तोंड घातलं. माझ्या आईला मी कधी पुढे बसवलंय का, हे आठवायला लागलो, आणि आठवेना. त्या माणसाला घातलेल्या सगळ्या शिव्या मला परत माझ्याच पदरात घ्याव्याशा वाटल्या.

धुळाप्पा उघड्या दाराशी गेले. तिच्या लांब केलेल्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आमच्यापैकी एकानेही तिला विचारला नव्हता.

"येतीस का गं?"

"हितं बसून येती," ती म्हणाली. "मागं न्हाय."

मी पाचवा फॉर्म काढला. सिंगल केबिन, फोर बाय फोर, आठ फुटी हौदा, एसी नाही. सिंगल केबिनला पुढचा भाग हाच असतो, हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं, आणि खरंच तसाच आहे ना, हे तिने मला तिसऱ्यांदा विचारलं. धुळाप्पांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कोकरं जाणार होती.

"झालं बग. उतर आता," ते तिला म्हणाले. "यष्टी गाठायची हाय."

ती उतरली नाही. काचेतून बाहेर होटगी रोडकडे बघत होती.

"जाऊ द्या एक यष्टी," ती म्हणाली. "एकतीस वर्सं चालली हाय मी. जरा बसू द्या."

धुळाप्पा दार धरून तिथेच उभे राहिले.