दोरीचा दगड

आमच्या लढ्यात दगडाचं शिक्षण झालेलं माणूस एकच, बाई. शाळेत भूगोल शिकवतात. मी सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला. कायदा कोर्टाच्या पायऱ्यांवर शिकलो, दगड बाईंकडून. पण त्यांची एक खोड मला पचत नाही. बाई खोटं बोलत नाहीत. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांना हेडमास्तर बंद प्रयोगशाळा लांबूनच दाखवत होते. बाई म्हणाल्या, "उघडा की. आत मोडक्या खुर्च्या आहेत." झालं, बाईंच्या बढतीवर पाणी.

विझलेल्या ज्वालामुखीच्या आमच्या टेकडीला खडीचा क्रशर लागलाय, उंदरासारखा कुरतडतोय. वर दोरीचा दगड होता. लाव्हा थिजताना त्याला पीळ पडले, अगदी दोरखंडासारखे. सोमवारी अधिकारी तो बघायला येणार होते. दगड वारसा म्हणून नोंदला गेला असता तर क्रशर बंद.

आदल्याच दिवशी बाईंच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाचा माजी विद्यार्थी मेळावा आणि दुपारी टेकडीवर सहल. बाई हरखल्या. "माझी माणसं येतायत. दगड बघितला की उद्या साक्षीला थांबतीलच."

"भाषणं ठोकणारे साक्षीला थांबत नसतात, बाई."

"तुम्हाला सगळेच चोर दिसतात, दादा."

सकाळभर हॉलमध्ये एकमेकांची टकलं आणि पोटं मोजून झाली. दुपारी मंडळी चढायला लागली. त्यांचे म्हातारे सर दमत होते, म्हणून एक हात बाईंनी धरला, एक मी. तेवढ्यात वरून ठण्‌ ठण्‌ आवाज. बाईंचा चेहरा उतरला. सर मात्र खूश! "ऐकलंत? हातोडी विसरली नाहीत पोरं! 'हातात घेतल्याशिवाय दगड कळत नाही', मीच शिकवलंय."

आम्ही पोचेपर्यंत दोरीचे तुकडे झाले होते. आठवण म्हणून प्रत्येकानं एकेक पीळ खिशात घातला होता. क्रशरचा मॅनेजरही त्याच विभागाचा. तो तेवढा दगडाला हात न लावता बाजूला उभा. "बाई, आमच्या मशीनला लाजवलंत हो!"

 बाई खाली येऊन बसच्या दारात उभ्या राहिल्या. "खिसे रिकामे करा."

"अगं, मी तुझ्या बाकावरचा!"

"मग दोन्ही खिसे."

तुकड्यांचा ढीग झाला. "उद्या कोण थांबतंय?" कुणाचं विमान, कुणाची मीटिंग, कुणाचा गुडघा. बस गेली.

मी म्हटलं, "सोपं आहे. क्रशरवाल्यांनी पुरावा फोडला म्हणू."

"घाव हातोडीचे आहेत."

"साहेबाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय ना."

"ते आजवर कमी खोटं बोललेत? एकदा आपण बोललो तर आभाळ कोसळेल?"

"दादा, दगडाबद्दल नाही."

सोमवारी साहेबांनी विचारलं, कुणी फोडला? मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "आमच्याच लोकांनी." मॅनेजर गालातल्या गालात हसला. साहेबांनी 'नमुना शिल्लक नाही' असं लिहिलं आणि गाडीत बसले. क्रशर चालूच आहे.

शाळा सुटली की बाई टेकडीवर जाऊन तुकडे जुळवत बसतात. निम्मे बसतात, निम्म्यांचा चुरा झालाय. मी रोज पाण्याची बाटली नेऊन शेजारी आदळतो. अजून बोलत नाही त्यांच्याशी.

काल म्हणाल्या, "दादा, हा इकडे बसतो का बघा."

बसत होता. मी सांगितलं नाही, नुसता लावून दिला.