साडेतिसाव्या किलोमीटरचा इशारा

तळ्याकाठच्या त्या गावात सायकल दुरुस्तीचं एकच दुकान होतं आणि ते चालवणाऱ्याला सगळे सावकाशकाका म्हणत. नाव चिकटलं ते त्यांच्या कार्डांमुळे. डोंगर, डोंगरांच्या मधे तळी आणि तळ्यांना जोडणारे कालवे, असा तो मुलूख. तिथले रस्ते एकतर चढायचे, नाहीतर पाण्याकडे उतरायचे. सुट्टीच्या दिवशी शहरातून हौशी सायकलवाले यायचे आणि काकांकडून वाटेचं कार्ड घेऊन हँडलला चिमट्याने अडकवायचे. कार्डावर डाव्या बाजूला किलोमीटरचा आकडा आणि उजव्या बाजूला तिथे काय करायचं ते. ‘चार पूर्णांक दोन: शाळेपाशी डावीकडे.’ ‘नऊ: सैल खडी, सावकाश.’ ‘अकरा: कुत्रा बांधलेला असतो, पण कधी कधी नसतो. सावकाश.’

काकांची बायको म्हणायची, “अहो, तुमचं कार्ड वाचलं की माणूस सायकल भिंतीला टेकवून घरीच बसेल.”

“बसला तर बसला. हातपाय तरी शाबूत राहतील.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते जन्मभर फुंकत आले होते. लहानपणी झोक्यावर बसले नाहीत, तरुणपणी तळ्यात उतरले नाहीत. या भीतीचीच त्यांनी विद्या केली होती. प्रत्येक वाट ते स्वतः सायकलवर मोजायचे आणि धोक्याचा इशारा धोक्याच्या अर्धा किलोमीटर आधी लिहायचे. हा त्यांचा नेम. “संकट दिसल्यावर ब्रेक दाबणारा मूर्ख,” ते म्हणत, “मी माणसाला संकटाच्या आधी उतरवतो.”

मी सांगते आहे ती गोष्ट खिशातले फोन येण्याच्या आधीची आहे.

त्या वर्षी जुन्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि काकांनी वरच्या तळ्याला वळसा घालणारी नवी वाट शोधली. वाट सुरेख होती. फक्त एका ठिकाणी, तीस किलोमीटर झाल्यावर, रस्ता एकदम कालव्याकडे कोसळायचा. उतार चारशे मीटरांचा, तळाशी काटकोनात वळण, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला कठडा नाही, नुसतं गवत आणि खाली पाणी. काकांनी कार्डावर तांबड्या शाईने लिहिलं: ‘सायकलवरून उतरा. चालत जा.’

पहिल्यांदा त्या वाटेने बारा जण निघाले. त्यातली एक काकांची मुलगी. नोकरीमुळे ती लांबच्या शहरात राहायची आणि दोन वर्षांनी माहेरी आली होती. घरात तिला ठमी म्हणत, कारण ती लहानपणापासून कुणाचं ऐकत नसे. बापाचं भित्रेपण तिच्या वाट्याला तिळाएवढंही आलं नव्हतं.

सकाळी सातला दुकानासमोर सगळे जमले तेव्हा तळ्यावरून धुकं वर येत होतं.

“धुकं उठेपर्यंत थांबा,” काका म्हणाले.

“बाबा, धुकं उठेपर्यंत थांबलो तर तुम्ही उन्हाचं कारण काढाल.”

“वाट तुझ्या पायाखालची नाही, ठमे.”

“तुमचं कार्ड आहे ना? डोळे मिटून जाईन.” आणि ती हसत सगळ्यांच्या पुढे निघून गेली.

सव्वाआठ वाजता काका दुकान झाडत होते. कोपऱ्यात खिळ्याला एक जाड टायर लटकत होता. केरसुणी चालवता चालवता त्यांची नजर त्यावर गेली आणि हात थांबला.

तो त्यांच्याच सायकलचा टायर. वाट मोजायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तो काढून नवा बारीक टायर चढवला होता. सायकलवरचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि फेरीला किती अंतर धरायचं हे त्यात आपण भरून ठेवायचं असतं. टायर बदलला की तो आकडाही बदलावा लागतो. गिऱ्हाइकांना काका हे दहादा बजावायचे. स्वतःच्या मीटरमध्ये मात्र जाड टायरचाच घेर राहिला होता.

ते तिथेच स्टुलावर बसले. पेन्सिल सापडेना म्हणून खडूने फरशीवर गणित मांडलं. बारीक चाकाची फेरी लहान, मीटरने ती मोठी धरलेली. म्हणजे तीस किलोमीटर खरे झाले तेव्हा त्यांच्या मीटरने एकतीस दाखवले. उतार एकतीसला समजून त्यांनी नेमाप्रमाणे इशारा अर्धा किलोमीटर आधी, साडेतिसाला लिहिला. आणि उतार खरा तिसालाच.

ज्यांचे मीटर बरोबर, ते सगळे त्या उताराच्या तोंडाशी पोचतील आणि कार्ड म्हणेल, अजून अर्धा किलोमीटर निर्धास्त जा. धुक्यात पुढचं दिसणार नाही. साडेतीस येईपर्यंत माणूस पाण्यात.

“अहो, काय झालं? चेहरा असा पांढराफटक का?” बायको दारात आली.

“मी चुकलो,” ते म्हणाले आणि सायकल काढली.

कालव्याच्या काठाने तो उतार सातच किलोमीटर होता. पण ती वाट हातभर रुंद, एका बाजूला पाणी. तीस वर्षांत काका तिच्यावरून कधी बसून गेले नव्हते, सायकल हातात धरून चालायचे. त्या सकाळी ते बसून गेले. चष्म्यावर धुकं साचत होतं आणि तो पुसायला एक हात सोडायची छाती होत नव्हती. कालव्याचा पहिला दरवाजा गेला, दुसरा गेला. पाणी दिसत नव्हतं, नुसतं चाकाजवळ लपलपत होतं. डोक्यात एकच हिशेब: ठमी पुढे असणार. ती नेहमीच पुढे असते.

वळणावर पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. त्यांनी सायकल टाकली आणि वाकून रस्ता पाहिला. ओल्या डांबरावर टायरची एकच रेघ होती. ती वळलेली नव्हती. सरळ गवतात शिरली होती आणि गवत पाण्याच्या दिशेने आडवं झालं होतं.

ते गवताकडे धावणार, तोच वरून, धुक्यातून, आवाज आला. टर्र टर्र, टर्र टर्र. पॅडल न मारता सोडलेल्या सायकलींच्या फ्रीव्हीलचा आवाज. एक नव्हे, बऱ्याच.

पाण्याकडे जावं तर ते अकरा जण एकामागून एक इथेच येऊन पडणार. वर जावं तर खाली पोर. एवढा वेळ माणसाला कधी मिळू नये, आणि त्यांना तो मिळाला, दोन श्वासांचा. मग ते उलट फिरून उतार चढत धावले. हात पसरून, रस्त्याच्या मधोमध.

“उतरा! कार्ड चुकलंय! उतरा!”

पहिला त्यांच्यापासून हातभर अंतरावर आडवा झाला. दुसरा त्याच्यावर आदळला. मागचे ब्रेक करकचत थांबले. काका प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत होते. नऊ. दहा. अकरा.

“काका, ठमीताई पुढे गेली होती...”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. आता मात्र त्यांच्याने पाऊल उचलेना. तिथूनच त्यांनी हाक मारली, “ठमे!”

धुक्यात काहीच हललं नाही.

“ठमे! ओ दे गं!”

“ओरडू नका बाबा,” खालून आवाज आला, बारीक, दात वाजत असलेला. “माणसं घाबरतील.”

लव्हाळ्यात ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एका हाताने काठाचा दगड धरलेला, दुसरा हात नुसता लोंबत होता. हसली होती म्हणत, नंतर त्या अकरांतले काही जण. काकांना ते आठवत नाही. आपण चपलांसकट पाण्यात उतरलो, हेही त्यांना घरी गेल्यावर कळलं.

खांद्याचं हाड मोडलं होतं. गाडी येईपर्यंत ती काठावर काकांच्या सदऱ्यात गुंडाळून बसली होती.

“मी हाका मारत होते. तुमचे पाय ऐकू आले, मग ते वर गेले.”

काकांनी सदरा तिच्या गळ्याशी ओढून घट्ट केला.

“बरोबर केलंत,” ती म्हणाली. पण ते म्हणायला तिला थोडा वेळ लागला, आणि तो वेळ काकांनी मोजला.

बायकोने फरशीवरचं खडूचं गणित पुसलं नाही. तेही म्हणाले नाहीत पुस म्हणून.

जुना पूल उघडला तरी सायकलवाल्यांना तीच वाट आवडायला लागली. काकांनी सायकल हातात धरून ती पुन्हा मोजली, दोनदा. कार्डाच्या तळाशी आता एक ओळ जास्त असते: कुठल्या टायरवर मोजलं, तो टायर आणि त्याचा घेर. तरी कार्डाच्या भरवशावर ते कुणाला सोडत नाहीत. त्या वाटेने कुणी निघालं की काठाने आधी जाऊन उताराच्या तोंडाशी उभे राहतात.

पुढच्या वर्षी ठमी आली, सायकल घेऊनच. कार्ड हातात घेऊन तिने आधी तळची ओळ वाचली. पूर्वी ती कधी काही वाचत नसे.

“येऊ ना उतारापर्यंत बसून?”

“सावकाश,” काका म्हणाले.

त्या दिवशी धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं आणि रस्ता दूरपर्यंत दिसत होता. तरी उताराच्या तोंडाशी उभं राहून ते कान देऊन ऐकत होते. टर्र टर्र आवाज आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ती जमिनीवर पाय टेकेपर्यंत ते खाली घेतले नाहीत.