भिलाईहून आणलेलं विरजण

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि पुडे जास्त होते. बिस्किटांचे, चिवड्याचे, बाकरवडीचे आणि गरम पाणी ओतलं की तीन मिनिटांत तयार होणाऱ्या उपम्याचे. मी चौतीस वर्षं एका बिस्किट कंपनीत विक्रीचं काम केलं. लेकीकडे रिकाम्या हातानं जाऊ नये हे मला आईनं शिकवलं, आणि हात कशानं भरायचे ते कंपनीनं. स्टेशनवर पोचवायला कुणी नव्हतं. माझी बायको सुनंदा जाऊन दोन वर्षं झाली होती. किल्ली शेजारी ठेवावी म्हणून गेलो, तर त्यांच्याही दाराला कुलूप. मग ती खिशात टाकली आणि रिक्षा धरली.

गाडीत समोरच्या बाकावर गोंदियाला उतरणारं एक जोडपं होतं. बाईंनी डबा उघडून मला पोळी-भाजी पुढे केली. मी पोट भरलंय म्हणून सांगितलं आणि त्यांची पाठ वळल्यावर बिस्किटाचा पुडा फोडला. एकट्या माणसाला ही सवय लागते. कुणी वाढलं की नको म्हणायचं आणि मग गुपचूप खायचं. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर साल-सागाचं जंगल होतं, मग डोंगरगडची टेकडी आली, आणि ऊन चढायच्या आत दुर्ग.

मुलगी मीनल आणि जावई प्रशांत घ्यायला आले होते. प्रशांतचे आजोबा भंडाऱ्याकडची शेती भावावर सोडून पोलाद कारखान्यात लागले, तेव्हापासून हे घराणं भिलाईचं. बोलणं मात्र अजून भंडाऱ्याचं, त्यात अर्धी हिंदी. माझी बॅग उचलताच तो हसला आणि म्हणाला, "मामाजी, लोखंड आनलं का? आमच्याकडं तं तेच बनते." विदर्भात सासऱ्याला मामाजी म्हणतात, हे मला लग्नात समजलं होतं.

भिलाईत पुण्याच्या माणसाच्या पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती ऐसपैस जागा. रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंनी जुनी झाडं, आणि सेक्टरमागून सेक्टर एकसारखी बैठी क्वार्टरं. प्रत्येक क्वार्टरमागे थोडी मोकळी जमीन. तिला इथं बाडी (परसबाग) म्हणतात. मीनलच्या बाडीत मुनग्याचं (शेवग्याचं) झाड, वांगी, टोमॅटो, पालक, आणि कुंपणावर चढलेला सेमीचा (वालाच्या शेंगांचा) वेल होता. माझी आठ वर्षांची नात ईरा हे सगळं मला हात धरून दाखवत होती. तेवढं झाल्यावर तिनं माझी बॅग उघडली, पुड्यांकडे पाहिलं आणि आईला हाक मारली. मीनलनं सगळे पुडे माळ्यावर ठेवले. माझा चेहरा उतरलेला पाहून ईरानं समजूत घातली, "नानाजी, बुरा मत मानो. घरचा रूल आहे."

रूल कसा झाला तेही कळलं. वर्षापूर्वी कारखान्याच्या तपासणीत प्रशांतची साखर जास्त निघाली, आणि ईराचं पोट तर महिन्यातून दोनदा बिघडायचं. तिघांनी बसून ठरवलं, पाकिटातलं बंद. जे खायचं ते घरी करायचं, आणि शक्यतो जवळपास पिकलेलं. तेव्हापासून कामं वाटलेली. प्रशांत शिफ्टवरून आला की धान्य निवडायचा. कोदो (एक भरड धान्य), ज्वारी, लाखोळीची (एका कडधान्याची) डाळ डब्यांतून नीट ठेवलेली असायची. ईरा बाडीला पाणी घालायची आणि भाजी खुडायची. मीनल शाळेत शिकवून आली की रांधायची, आणि रोज संध्याकाळी दही लावायची. जेवताना तिघांचं बोलणं त्यावरच चाले, पालकाला कीड लागली की काय, कोदो मऊ झाला की नाही. मी मधे बसून जेवायचो. प्रत्येकाला काम होतं, मला फक्त ताट. लेकीच्या भरल्या घरात मला पुण्याच्या फ्लॅटपेक्षा जास्त एकटं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

रविवारी प्रशांतनं मला स्कूटरवर नंदिनी नगरच्या बाजूला नेलं. तिकडे चुनखडीच्या खाणी आहेत. रस्त्याकडेच्या झाडांची पानं पांढुरकी दिसतात. खाणी मागे पडल्या की शेतं लागतात. तिथल्या एका खेड्यात फुलबाई नावाची शेतकरीण फक्त शेणखतावर दुबराज (सुवासिक तांदूळ), कोदो आणि तिवरा भाजी (लाखोळीची कोवळी पानं) पिकवते. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "का खाथस बबा? अब्बड़ दुबर हस." म्हणजे, काय खातोस बाबा, फार वाळलायस. मी म्हटलं, डबा येतो. तिनं प्रशांतकडे पाहिलं. डबा येतो म्हणजे काय, कुणाकडून येतो, हे त्यानं तिला छत्तीसगढीत बराच वेळ समजावलं. तिनं तांदळाच्या पिशवीवर तिवरा भाजीची एक जुडी जास्तीची ठेवली. मला ते लागलं.

माझ्या हातून घोटाळा झाला तो निघायच्या आदल्या दिवशी. दुपारी घरात मी एकटाच. मीनल आणि ईरा शाळेत, प्रशांत सेकंड शिफ्टला. ताट वाढून ठेवलेलं होतं. ओट्यावर मातीच्या लहान मडक्यात दही होतं. सुनंदा गेल्यापासून मी दही सोडलं होतं. पिशवीतलं दही आणून पाहिलं होतं, पण ते खाण्यापेक्षा न खाल्लेलं बरं. इथंही चार दिवस मी नकोच म्हणत होतो. त्या दुपारी तिवरा भाजी तिखट लागली म्हणून एक चमचा घेतला.

दही गोडसर होतं, आंबटपणा मागून येत होता, आणि चमचा फिरवला तरी पाणी सुटत नव्हतं. चव ओळखीची होती. कुठली ते लगेच सुचलं नाही, पण हात थांबेना. दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. शेवटी मडकं मांडीवर घेऊन बोटानं कड निपटली. दोन वर्षांत मी असा जेवलो नव्हतो. वर शहाणपणा असा, की लेक दमून येईल म्हणून मडकं साबणानं घासून, उन्हात पालथं घातलं.

संध्याकाळी मीनलनं दूध कोमट केलं आणि मडकं शोधू लागली. ते उन्हात सापडलं तेव्हा तिनं नाकाशी नेऊन वास घेतला. मातीच्या मडक्याला साबण लावायचा नसतो, दही त्याच्या अंगात मुरलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती रोज वाटीभर दही वेगळं काढून ठेवायची, तेही कालच्या कढीत गेलं होतं.

"बाबा, ते आईचं विरजण होतं," ती म्हणाली.

मग मला सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी ती सासरी निघाली तेव्हा सुनंदानं जुन्या धोतराचं स्वच्छ फडकं घट्ट दह्यात बुडवून सावलीत वाळवलं होतं आणि तिच्या पर्समध्ये घातलं होतं. एवढ्या लांबच्या प्रवासात दही टिकत नाही, वाळलेलं फडकं टिकतं. भिलाईत ते कोमट दुधात टाकलं की झालं. मी तेव्हा चेष्टा केली होती, की लोक लेकीला सोनं देतात आणि ही चिंधी देते. त्या चिंधीचं दही अकरा वर्षं रोज लागत होतं, आणि मी ते बोटानं निपटून मडकं घासून ठेवलं होतं.

मीनलनं डोळे पुसले आणि माझीच समजूत काढू लागली. म्हणाली, जाऊ द्या, पुण्याला तुमच्याकडे आहेच की. गेलात की तसंच फडकं वाळवून पाठवा.

ती दर रविवारी फोन करायची आणि शेवटी विचारायची, "दही लावता ना?" मी म्हणायचो, "हो, लावतो." खरं तर सुनंदाच्या तेराव्यानंतर पाहुणे गेले, त्याच आठवड्यात ते दही संपलं होतं. एकट्यासाठी कशाला लावायचं म्हणून मी भांडं विसळलं. दोन वर्षं मी लेकीला खोटं सांगत होतो. आता आणखी एक खोटं सांगता आलं असतं, कुठलंही दही वाळवून पाठवता आलं असतं. ते तोंडातून निघेना.

"पुण्यातही नाही, मीनल," मी म्हटलं. "आई गेली तेव्हाच संपलं."

तिनं कोमट दुधावर झाकण ठेवलं. ईरा दारात उभी राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मग मीनलला प्रशांतची मावशी आठवली. दुर्गजवळ बोरसीत राहणाऱ्या शकूमावशींनी तीन वर्षांपूर्वी तिच्याकडून विरजण नेलं होतं. आता ते असेल की नाही कुणास ठाऊक. फोन लावला, पण त्यांना फोनची घंटा ऐकू येत नाही. मीनलला ईराला सोडून निघता येईना. मी जातो म्हटलं, आणि पत्त्याचा कागद घेऊन ऑटोत बसलो.

बोरसीत गल्ली सापडेपर्यंत अंधार पडला. शकूमावशी तुळशीपाशी दिवा लावून नुकत्याच उठत होत्या. त्या सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा रायपूरला. मी कोण ते सांगितल्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विरजणाचं विचारलं. हो, आहे, म्हणाल्या, त्याचंच दही रोज लावते. माझ्या जिवात जीव आला. मी आणलेला डबा पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला.

"दिवे लागले, इवाई," त्या म्हणाल्या. इवाई म्हणजे व्याही. "दिवे लागल्यावर दही घराबाहेर जात नाही. सकाळी या."

हे असं आमच्याकडेही असतं, सुनंदाही संध्याकाळी विरजण देत नसे. तरी मी हुज्जत घातली. उद्या दुपारची गाडी आहे, मी असलं काही मानत नाही, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही नका मानू, माझं घर मानते. मी चिडलो. चिडून, सगळा दिवसभराचा राग काढून, विचारलं की एकट्या राहता तर रोज दही लावता तरी कुणासाठी.

"कोनासाठी म्हंजे?" त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "मी नाही का जेवत? मी बी तं मानूसच आहो."

 मी खाली मान घालून फडक्याची गोष्ट सांगितली आणि सकाळी येतो म्हणून निघालो.

सकाळी आम्ही सगळेच सामानासकट बोरसीला गेलो. मावशींनी माझ्यासाठी आदल्या रात्री बासी (पाण्यात भिजवून ठेवलेला भात) घातली होती. छत्तीसगढची ही न्याहारी त्यांच्याही घरात कधीच रुळली होती. गार भात, कांदा, जवसाची चटणी आणि वर ते दही. मीनलनं पहिला घास घेतला आणि मान हलवली, तेच होतं. यावेळी मी नको म्हटलं नाही. दुसऱ्यांदाही मागून घेतलं. निघताना मावशींनी मीनलला डबा भरून दिला आणि माझ्या हातात रुमालाएवढं पांढरं फडकं ठेवलं. मी गेल्यावर त्यांनी ते दह्यात बुडवून पंख्याखाली वाळवलं होतं, ते कडक झालं होतं. फडकं रात्रीच तयार होतं, फक्त उंबरा ओलांडायला सकाळ व्हावी लागली.

दुर्गच्या फलाटावर मीनलनं पाण्याची बाटली भरून खिडकीतून दिली. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजांवर तिनं हात ठेवला आणि काढला. दोन वर्षांच्या खोट्याची भरपाई एका फडक्यानं होत नाही, हे मला कळत होतं. रात्रभर ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं आणि मी दर स्टेशनला चाचपून पाहत होतो.

पुण्याला घर तसंच होतं. पेपर दारात साचलेले, आत कोंदट वास. मी दूध आणलं, तापवलं, करंगळी बुडवून कोमट झाल्याची खात्री केली, फडकं टाकलं आणि झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी नुसतं आंबूस पाणचट दूध.  मग मावशींचं बोलणं आठवलं, की पहिल्यांदा जेमतेम धरते, त्याचंच दुसऱ्यांदा लावायचं. त्यातलेच दोन चमचे नव्या दुधात घातले आणि भांडं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. तांदूळ फुलबाईचा होता, मीनलनं बळेच बांधून दिलेला.

सकाळी उठलो तो फोन वाजला. रविवार होता. मीनलनं ईराचं सांगितलं, बाडीतल्या पालकाचं सांगितलं, आणि मग जरा थांबून विचारलं, "बाबा, दही लागलं?"

सवयीनं ओठांवर 'हो' आलं होतं.

"थांब," मी म्हटलं, "बघून सांगतो." फोन कानाला तसाच धरून मी स्वयंपाकघरात गेलो, तांदळातून भांडं बाहेर काढलं आणि हळूच कलतं केलं. आतलं दही हललं नाही.