भिंतीवरची जीजी

तारेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारच्या बसस्टँडवर उभा होतो. त्यांच्याकडेच देवासला निघालो होतो. काकू एवढंच म्हणाल्या, "हे गेले रे... दुकानातच." त्याला आता दीड महिना झाला. राग ओसरला की लिही, असं घरचे सांगतात. मला राग ओसरायला नको आहे, म्हणून आत्ताच लिहायला बसलो.

काका माझ्या वडिलांचे मित्र. मी देवासला कॉलेजात आलो तेव्हापासून त्यांच्या दुकानात पडीक असायचो. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर विकायचे आणि जीव मात्र रेकॉर्डवर. अख्ख्या गावाने रेकॉर्ड भंगारात घातल्या तेव्हा हा माणूस भंगारवाल्यांच्या मागे फिरून त्या घरी आणत होता. साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवायचा आणि काकूंच्या ताटाळ्यात वाळत घालायचा. काकू ताटं शोधत बसायच्या. गिऱ्हाइकाने एक बाजू पूर्ण, बसून ऐकल्याशिवाय रेकॉर्ड विकायची नाही, हा त्यांचा नियम. हाटपिपल्याचे एक शेतकरी ट्रॅक्टरवर लावायला स्पीकर न्यायला आले होते. काकांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, सतारीची एक बाजू ऐकवली. ते स्पीकर विसरून घरी गेले आणि पुढच्या बाजाराला बायकोला घेऊन आले. धंदा असा करतात का, म्हणून मी चिडायचो. ते हसायचे.

त्यांच्याकडे एक रेकॉर्ड विकायची नव्हती. त्यांची थोरली बहीण, तिला सगळे जीजी म्हणत, धारला दिलेली. आमच्या जुन्या मराठी घरांतल्या लग्नाच्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या. तिथल्या एका मंडळाने हौसेने तिच्या आवाजात मोजक्या रेकॉर्ड काढल्या. बाकीच्या कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही, आणि पुढे जीजीही गेली. उरलेली ही एक. शौकीन लोक कुठलंही कव्हर उपसतात, मागतात, गळ घालतात... म्हणून काकांनी ती शॉर्टहँडच्या सरावाच्या रेकॉर्डच्या कव्हरात घातली आणि कोणी ढुंकून पाहत नाही अशा कप्प्यात ठेवली. जीजीच्या तिथीला तेवढी बाहेर काढायचे.

मग तो आला. इंदूर रस्त्यावर त्याने नवा कॅफे काढला होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही. छापून आलं तर कात्रण फ्रेम करून लावेल. म्हणाला, कॅफेत रेकॉर्डच वाजवणार, प्लेअर घेतलाय, गाणी हवीत. काकांना काय आनंद झाला! पडून राहिलेला अख्खा कप्पा त्यांनी त्याच्या हातात दिला, फुकट. "घेऊन जा भिया, बिचाऱ्या वाजू देत." शॉर्टहँडचं कव्हर त्याच कप्प्यात होतं. आनंदाच्या भरात ते विसरले; आपल्या हातानेच जीजी देऊन बसले.

तिथीच्या दिवशी लक्षात आलं. धावत कॅफेत गेले. प्लेअर कुठेच नव्हता, मोबाइलवर काहीतरी ठणठणत होतं. सगळ्या रेकॉर्ड भिंतीवर, प्रत्येकीच्या कडेला चार स्क्रू, मधलं लेबल सोनेरी रंगवलेलं. कडेच्या नखाएवढ्या टवक्यावरून काकांनी जीजी ओळखली. त्यांनी हात जोडले, बदल्यात हवी ती दुसरी रेकॉर्ड देतो म्हणाले. तो म्हणाला, "अंकल, एक निकाली तो पूरी दीवार का लुक बिगड़ जाएगा."

काका तीनदा गेले. मग दर गुरुवारी त्या भिंतीखालच्या टेबलाशी जाऊन बसायला लागले; शेजारच्या टेबलावरच्यांना सांगायचे, ही माझी बहीण आहे. महिन्याभरात तिथे पाटी लागली: फक्त ग्राहकांनी बसावे. त्यानंतर ते गेले नाहीत. दुकानातही फारसं काही वाजेना. डॉक्टर म्हणतात, हृदय दमलं होतं. मी डॉक्टर नाही, पण माझं मत मला आहे आणि ते मी बदलणार नाही.

शोकसभेला तो येणार हे मला आधी कळलं होतं. सकाळीच पिशवीत स्क्रू काढायचा पेचकस टाकला. तो आला, पांढरा कुडता घालून, आणि माइक हातात आल्यावर त्याने डोळेही पुसले. काका आपलं प्रेरणास्थान होते म्हणे. "काकाजी के लिए मैं आज भी कुछ भी कर सकता हूँ," असं तो म्हणाला. मी उठून उभा राहिलो. "तो अभी चलिए. पेचकस मैं लाया हूँ."

मग काकू उठल्या, त्यांच्यामागे सगळे. शंभरेक माणसं त्या कॅफेत शिरली. जीजीचे चारही स्क्रू मी त्याच्याकडूनच काढून घेतले, एकेक करून, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर. मला बरं वाटलं, अगदी मनापासून. खोटं कशाला बोलू? तिथून त्याला तसाच दुकानात आणला. भिंतीला काय ठोकलं होतंस ते ऐक, म्हटलं.

काकूंनी रेकॉर्ड धुतली. भोकांमुळे पहिली ओवी कायमची गेली. मी सुई भोकांच्या आतल्या बाजूला ठेवली... आणि जीजी गायला लागली. साजबिज काही नाही, एकटा आवाज. मुलीला सासरी धाडणाऱ्या आईची ओवी. मध्येच श्वास घेतलेला ऐकू येत होता. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. बाजू संपली.

तो दाराशी उभा होता. त्याचे डोळे भरले होते, आणि या वेळी हातात माइक नव्हता. "भिया," तो हळूच म्हणाला, "एक बार और लगा दोगे?"

काका असते तर त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली असती, चहा सांगितला असता आणि रेकॉर्ड पुन्हा लावली असती. हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी सुई उचलून ठेवली आणि प्लेअर बंद केला.