वहिनीचा कुलूपबंद लॅपटॉप

वहिनीला राग आला की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. मोरीत पातेली आपटायला लागली की आई मला हळूच विचारायची, "आज काय झालं गो?" आणि मी म्हणायची, "लॅपटॉप."

डोळखांबच्या आमच्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा तिचं कॉलेज अर्धंच झालं होतं. ते पुरं करून तिने शहापुरात सर्व्हर सांभाळायचा कोर्स धरला. परीक्षेचं प्रात्यक्षिक ज्याने त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर करायचं होतं. त्यासाठी व्हर्च्युअल मशीन लागायचं, म्हणजे एकाच लॅपटॉपच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. दादाने कल्याणहून वापरलेला लॅपटॉप आणून दिला. पण वहिनी मशीन सुरू करायला गेली की एकच ओळ यायची: व्हर्च्युअलायझेशन बंद आहे.

"बायोसमध्ये जाऊन चालू करा, सोपं आहे," क्लासचे सर म्हणाले. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंगचं पान. वहिनी तिथवर पोचली, तर त्याने पासवर्ड मागितला. लॅपटॉप आधी कुठल्याशा ऑफिसात होता, कुलूप त्यांनी घातलेलं.

तेव्हापासून 'सोपं' हा शब्द तिला सहन होईना. "सोपं हाय तर करून द्या ना मग!" क्लासमधल्या संगणकावर सराव करत थांबावं, तर शेवटची एसटी चुकायची. पासवर्डसाठी फोन केला की कल्याणचा दुकानदार रोज "उद्या बघतो" म्हणायचा. एकदा त्याने विचारलं, "मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना समजावतो." वहिनीने फोन तिथेच ठेवला आणि पातेली काढली.

प्रात्यक्षिकाचा दिवस तसाच गेला. ती परीक्षेला बसूच शकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "चल गो कल्याणला."

दुकानात तिने स्टूल ओढलं आणि बरोबर दारात बसली. "पासवर्ड मिळाल्याबिगर मी हलणार नाय." गिऱ्हाईकं अंग चोरून आत येऊ लागली. शेवटी दुकानदाराने त्या जुन्या ऑफिसात फोन लावला. त्याचा चहा संपायच्या आत पासवर्ड मिळाला.

"एक फोन?" वहिनीचा आवाज चिरकला. "एक फोन लावायला तुमचं काय जात होतं?"

त्याने पासवर्डची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

घरी येऊन तिने व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, बदल सेव्ह केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. पुन्हा तीच ओळ! ती उठून अंगणात जाऊन उभी राहिली. मग परत आली, लॅपटॉप पुरता बंद केला, चार्जर काढला आणि थोडं थांबून सुरू केला. या वेळी पडद्यावर दुसरा संगणक उघडला. आई वाकून बघत म्हणाली, "हा एक सांभाळताना जीव गेला, आता आणिक दुसरा?" मला हसू फुटलं. वहिनी मात्र रडायला लागली.

पुढच्या बॅचबरोबर ती पास झाली, ऐरोलीत नोकरीही लागली. निघायच्या दिवशी आसनगाव स्टेशनला सोडायला दादा मोटरसायकल काढत होता. तिची बॅग उचलत मी म्हणाले, "वहिनी, झालं बाई एकदाचं!"

चपला घालता घालता ती थांबली. "झालं गो. पण हे मागच्या सालीच व्हायचं होतं."

मग तिने दादाला हाक मारली, "चला, उशीर झालाय."