झेला आणि एक बर्थ

माझ्या नवऱ्याला पोहता येत नव्हतं.

आणि त्यांचं काम होतं समुद्राच्या तळाशी पोचणाऱ्या मोहिमेची आखणी. दिल्लीतल्या सरकारी ऑफिसात बसून.

प्रभाकरांना जाऊन आज सहा वर्षं झाली.

सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हाची गोष्ट. चहूकडे बांधकाम. चादरीवर रेती, केसांत रेती, वरणातसुद्धा.

खोल समुद्रात गरम पाण्याचे झरे असतात. त्यांच्या तोंडाशी खनिजं साचून धुराड्यासारखे खांब उभे राहतात. या मोहिमेत तसा एक खांब अख्खा वर आणायचा होता.

पण ते भयंकर ठिसूळ. यंत्राच्या हाताने तोडायला गेलं की चुरा.

जहाजावर प्रभाकरांचा बर्थ ठरलेला होता. जन्म दिल्लीचा, समुद्र पाहिलेला दोनदाच, तोही माझ्या माहेरी रत्नागिरीला. महिनाभर आधी बॅग काढून ठेवली होती.

दर रविवारी बाल्कनीत ओल्या रेतीचा खांब करायचे आणि स्वयंपाकघरातल्या सांडशीने उचलायचे. दर वेळी ढासळायचा.

शेजारच्या भाभींनी एकदा विचारलं, "भाईसाब, शिवलिंग बना रहे हो क्या?"

"नहीं जी, ऑफिस का काम है."

शेवटी मला राहवेना. "अहो, आधी तोडताय कशाला? झेल्यासारखं करा ना."

"झेला म्हणजे?"

कपाळ माझं! "आंबे उतरवायची काठी हो. टोकाला जाळी असते. आंबा आधी जाळीत घ्यायचा, मग देठ तोडायचा. खाली पडतच नाही."

हातातली रेती तशीच ठेवून ते वही शोधायला गेले.

प्लॅनमध्ये खांबावर आधी चढवायची जाळी आली. ऑफिसात सगळे चिडवायला लागले, "आइए, झेला साहब!"

पण ती जाळी चालवायला एक माणूस जास्त लागणार होता. जहाजावर बर्थ मोजके. यादी करणारे हेच.

त्यांनी स्वतःचं नाव खोडलं.

घरी येऊन बॅग माळ्यावर टाकली. "एक्स्ट्रा होतो यार मी. बिल्कुल एक्स्ट्रा."

मी म्हटलं, "मी तोंड उघडलं नसतं तर गेला असतात."

"गेलो असतो. आणि चुरा घेऊन आलो असतो. चहा टाक."

जहाज परत आलं त्या दुपारी ऑफिसातून फोन. "अगं, अख्खा आला! देठासकट!"

इतकं खूश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी समुद्रावरचं मिळेल ते वाचायला लागले. शिक्षण बेताचं, म्हणून शेजारी डिक्शनरी. जेवताना त्यांना सांगायचे. ते घास हातात धरून ऐकायचे, जणू प्लॅन दुसऱ्याच कुणीतरी केला होता.

वाचन अजून चालू आहे. ताट एकच असतं.

प्रभाकर, तुमचा बर्थ माझ्या झेल्याने गेला. तुम्ही एकदाही तसं म्हणाला नाहीत.

म्हणून आज मीच म्हणते.

तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.