ब्रेकव्हॅनची वाकडी दांडी

आमच्या बुलढाण्याला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आधी एसटीने राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. अशा गावात बसून मी रेल्वेच्या डब्यांना दांड्या बसवते हे कळलं, की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. तो हसून सांगतो, "चालू द्या, डोकं शांत राह्यते तिचं." हे धादांत खोटं आहे. या कामाने डोकं शांत होत असतं तर मी एव्हाना संत झाले असते.

डबे अर्थात तळहातावर मावणारे, खऱ्या डब्यांच्या प्रमाणात लहान केलेले. हा नाद असलेली माणसं पुण्या-मुंबईकडे पुष्कळ आहेत. डब्याचं अंग ती स्वतः करतात, पण चढायच्या दांड्या, पायऱ्या, ब्रेकची नळी असली बारीक तारेची कामं त्यांच्या जिवावर येतात. ती माझ्याकडे येतात. तार मी मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणते. विहिरीवरच्या मोटारीची तार जाड पडते. जळलेल्या छताच्या पंख्यातली अगदी हवी तशी असते. ब्लेडने तिच्यावरचं वार्निश खरवडायचं, जुन्या पोळपाटावर ठेवून वरून काच फिरवायची म्हणजे तार सरळ होते. मग बारीक तोंडाच्या पकडीने दोन्ही टोकं वाकवायची, डब्याला पाडलेल्या भोकांत बसवायची आणि आतून सोल्डरचा ठिपका द्यायचा. मध्येच शिंक आली तर दांडी गेली. मग घरातल्या सगळ्यांनी फरशीवर रांगायचं.

मी कोर्टात टायपिस्ट होते. एक अक्षर चुकलं तरी पान फाडून नवं घालणारी. तारेच्या बाबतीतही माझं तेच आहे. दांडी सरळ म्हणजे सरळ.

वडील मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर मलकापुरात रुळांजवळ दोन खोल्या घेऊन राहिले, आणि आई गेल्यावरही तिथेच एकटे राहिले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांना बळेबळे घाट चढून इकडे आणलं. डोळा बरा झाला, पण त्यांची पिशवी दाराजवळ भरलेलीच. अंघोळीचा टॉवेलसुद्धा वापरून झाला की वाळवून पिशवीत परत. रोज सकाळी चहाबरोबर मलकापूरच्या बसची चौकशी. इथे रात्री गाडीचा आवाज नाही, त्यामुळे झोप येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. यावर मी काय करणार? घाटावर रेल्वे तर आणू शकत नव्हते.

ते राहावेत असं मला फार वाटत होतं. काळजी होतीच, मलकापुरात एकदा गॅस चालू ठेवून ते फाटकाकडे गाडी बघायला गेले होते. पण खरं सांगायचं तर माझं लहानपण ते ड्यूटीवर असण्यातच गेलं. वडील म्हटलं की मला खुंटीवरचा रिकामा हँगर आठवायचा. आता कुठे ते रोज घरात दिसत होते, आणि हा माणूस बसची वेळ विचारत होता.

तेव्हाच पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी मी पहिल्यांदा अख्खा डबा करायला घेतला होता. मुद्दामच ब्रेकव्हॅन निवडली. मालगाडीच्या शेवटी लागते ती, गार्डची. दोन्ही टोकांना उघडे ओटे, त्यांना आडव्या दांड्यांचा कठडा. वाटलं, वडील बघतील, चार गोष्टी सांगतील, रमतील. ते पेपर वाचत राहिले. मी टेबलावर मुद्दाम आवाज करून बघितला, तरी पान उलटण्यापलीकडे काही नाही.

एके दिवशी मात्र ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दांडी सरळ हाये."

मी खूश होऊन हो म्हटलं. मला ते कौतुक वाटलं होतं.

"माह्यी सरळ नव्हती," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एक व्हॅन त्यांच्या वाट्याला वारंवार यायची. कुठल्याशा यार्डात धक्का बसून तिच्या कठड्याची वरची दांडी मधोमध खाली दबली होती. उन्हाळ्यात गार्ड लोक पाण्याची छागल, म्हणजे ती जाड कापडाची पिशवी, बाहेर वाऱ्याला टांगायचे. बाकीच्या व्हॅनमध्ये गाडीच्या हिसक्यांनी छागल सरकत कोपऱ्यात जाऊन आपटायची, निम्मं पाणी सांडायचं. या व्हॅनमध्ये ती त्या खळग्यात बसायची आणि तिथेच राहायची. म्हणून त्या दांडीची तक्रार कोणी गार्डने कधी लिहूनच दिली नाही. अकोल्यापासून भुसावळपर्यंत गार पाणी, ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी ओठ पुसले.

गोष्ट मला आवडली. पण दांडी वाकवायला मी साफ नकार दिला. प्रदर्शनात डबा मूळ डब्याच्या नकाशाशी ताडून बघतात, वाकडी दांडी दिसली की हिचा हात कच्चा म्हणतील, असं मी त्यांना समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर दांडीला मधोमध खळगा. तांब्याची तार ती, अंगठ्याने सहज दबते. माझा पारा जो चढला! नव्या डोळ्याने एवढंच दिसलं का, इथपर्यंत मी बोलले. ते उठले, हात धुतले आणि पेपर घेऊन बसले. मी ती दांडी उपटून डबीत टाकली आणि त्याच दुपारी नवी बसवली. पट्टीने रेघ मारावी अशी सरळ.

संध्याकाळी त्यांनी बसची वेळ विचारली. मला नाही, नवऱ्याला. त्याने स्वयंपाकघरात येऊन मला ते सांगितलं आणि पुढे म्हणाला की उद्याची पहिली बस म्हणताहेत, आणि या वेळी खरंच जातील असं दिसतं.

मी भाकरी तशीच ठेवून टेबलापाशी गेले. व्हॅनकडे बघितलं. दांडी सुरेख होती आणि तिच्यामागे कधी कुणी उभं राहिलं असेल असं अजिबात वाटत नव्हतं. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. डबीतून वाकडी शोधली, सोल्डरिंगची कांडी तापवली आणि ती परत जागेवर बसवली.

सकाळी ते बूट घालून, पिशवी घेऊन तयार होते. मी व्हॅन त्यांच्या हातात ठेवली. त्यांचा अंगठा दांडीवर फिरला आणि खळग्यात येऊन थांबला. बराच वेळ थांबला.

"मंग छागल कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

छागलीला कापड हवं होतं. ते खाली बसले, पिशवी उघडली, सगळे कपडे पलंगावर काढले आणि तळाशी असलेला चष्मा पुसायचा खाकी तुकडा मला दिला. जुन्या युनिफॉर्मचाच होता. त्याची नखाएवढी पिशवी शिवून मी तारेच्या कडीने दांडीला टांगली. त्यांनी व्हॅन हलवून बघितली. छागल खळग्यात बसून राहिली. मग तीच त्यांनी मला दुसऱ्या ओट्याच्या सरळ दांडीला लावायला सांगितली आणि पुन्हा हलवली. ती घसरत कोपऱ्यात जाऊन आपटली. माझ्याकडे बघून असे हसले की हरल्याचं मला वाईटही वाटेना. तोवर बस निघून गेली होती.

आता ही मी पुण्याला पाठवत नाही, मी म्हटलं. ते त्यांना पटलं नाही.

"धाडून दे. पाहू दे लोकायले. वापस येईस्तोवर मी थांबतो इथंच. गार्ड व्हॅन सोडून जात नसते."

व्हॅन गेली, आणि महिनाभराने परतही आली. सोबत शेरा होता: काम उत्तम, एक दांडी वाकलेली. पार्सल आलं तेव्हा वडील बाजारात गेले होते. मी व्हॅन कुरड्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून डबा वरच्या फळीवर सारला आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही. तेव्हापासून रोज चहाबरोबर वडील विचारतात, आली का व्हॅन? आणि मी सांगते, नाही अजून.

परवा फळी पुसताना सहज डबा उघडून बघितला. छागल जागेवर होती. पण मागच्या हुकाला एक लाल मणी लटकत होता. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा लावायचा असतो, ते गार्डचं काम, आणि मी तो करायला विसरले होते. मण्याची तार जाड होती, वेड्यावाकड्या पिळाने बांधलेली. मी तसली तार वापरत नाही. डबा बंद करून मी होता तिथे ठेवला.

काल सकाळी चहा घेताना त्यांनी नेहमीसारखंच विचारलं. नाही आली अजून, बाबा, मी म्हटलं.

"हाव," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "मालगाडीले टाइम लागतेच."